आधी वर्गणी, मग सायकल: पॅन-मास चॅलेंजमध्ये उतरणाऱ्या आईबापांसाठी

पॅन-मास चॅलेंज, म्हणजे कॅन्सरवरच्या संशोधनासाठी पैसे जमवत करायची मॅसॅच्युसेट्समधली सायकल राईड. तिच्यात उतरायचं मनात आलं की आपल्या माणसांचा पहिला प्रश्न सायकलचा असतो. कुठली घेऊ, कार्बनची घेऊ का, किती वजनाची बरी? माझं म्हणणं, सायकलचा विचार मार्चमध्ये करा. जानेवारीत वही घेऊन बसा आणि आधी यादी करा, माणसांची. राईड पायांनी होते हे खरं, पण ती उभी आहे लोकांकडे पैसे मागण्यावर. पाय चार-पाच महिन्यांत तयार होतात. मागायची जीभ तयार व्हायला आपल्याला जास्त वेळ लागतो.

मी मूळची सांगलीची. शाळेत लेडीज सायकल होती, त्यानंतर थेट चाळिशी ओलांडल्यावर ड्रॉप हँडलची सायकल हातात आली. राहते बॉस्टनच्या पश्चिमेला, फ्रेमिंगहॅमच्या बाजूला. मुलगी सहा वर्षांची असताना तिला ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर झाला, मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा तो ए.एल.एल. प्रकार. बॉस्टनच्या डॅना-फार्बर या कॅन्सर संस्थेच्या जिमी फंड क्लिनिकमध्ये दोन वर्षांहून जास्त उपचार चालले. आता ती शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवते आणि शेजारी ते सोसतात. इथल्या मराठी घरांतून मला या राईडबद्दल इतक्या वेळा विचारलं जातं की एकदाच सगळं लिहून काढते.

ज्यांना काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी: बिली स्टार नावाच्या माणसाची आई मेलानोमानं, म्हणजे त्वचेच्या कॅन्सरनं गेली, म्हणून १९८० साली त्यानं काही मित्र गोळा करून स्प्रिंगफील्डपासून केप कॉडच्या टोकाच्या प्रॉव्हिन्सटाउनपर्यंत सायकल चालवली. ३६ जण होते, १०,२०० डॉलर जमले. आज ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी सहा हजारांहून जास्त लोक निघतात आणि २०२४ मध्ये ७.५ कोटी डॉलर जमले. स्वारांनी आणलेला प्रत्येक डॉलर पूर्णच्या पूर्ण डॅना-फार्बरला जातो. राईडचा खर्च प्रायोजक आणि नोंदणी शुल्क यांतून भागतो. देणगी मागताना हे वाक्य पाठ असू द्या. समोरचा माणूस, विशेषतः आपला माणूस, आधी हेच विचारतो: "यातले खरंच किती पोचतात?"

नोंदणी करण्याआधी

प्रत्येक मार्गाला जमवायची किमान रक्कम ठरलेली असते. दोन दिवसांच्या मोठ्या मार्गाला ती काही हजार डॉलरची आहे. नोंदणीच्या वेळी तुमचं क्रेडिट कार्ड घेतात आणि मुदतीपर्यंत किमान रक्कम जमली नाही तर उरलेले पैसे त्या कार्डावरून जातात. हे बारीक अक्षरातलं कलम नाही, राईडचा पायाच तो आहे. तेव्हा नवरा-बायकोनं आधी शांतपणे बसून ठरवा: काहीच जमलं नाही तर आपल्या खिशातून किती सोसवेल? तो आकडा जेवढा, तेवढाच मार्ग निवडा. एका दिवसाचे, कमी अंतराचे मार्ग आहेत, त्यांची रक्कमही कमी असते. पहिल्याच वर्षी स्टर्ब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन, म्हणजे १८६ मैल, तीनशे किलोमीटर, करायलाच हवं असं काही नाही. वेलस्लीहून सुटणारे मार्ग नवख्याला बरे, सुरुवातीचे चढ टळतात.

दुसरी गोष्ट वेळेची. मूल अजून तीव्र उपचारांत असेल तर थांबा. हे मी ठामपणे सांगते, कारण त्या काळात आईबापांना काहीतरी करून दाखवायची फार ओढ लागते. पण मुलाला ताप शंभर पॉइंट चारच्या वर गेला की रात्री दोन वाजता इमर्जन्सी गाठावी लागते, आणि तुम्ही तेव्हा सत्तर मैलांवरून दमून आलेले असता कामा नये. मेंटेनन्सचा, म्हणजे उपचारांचा शेवटचा सौम्य टप्पा सुरू झाला, रोजच्या गोळ्या आणि ठरावीक तपासण्यांची लय बसली, की मग बघा. तोवर जायचंच असेल तर स्वयंसेवक म्हणून जा. पाण्याच्या थांब्यावर केळी सोलून देणं हेही काम आहे, आणि तिथून सगळी राईड आतून कळते.

तिसरी गोष्ट, मुलाची परवानगी. गोष्ट तुमची नाही, त्याची आहे. केस गेलेला, नाकात नळी असलेला फोटो टाकला की देणग्या भराभर येतात, हे खरं आहे आणि म्हणूनच जपून. तो फोटो दहा वर्षांनीही कुठेतरी सापडणार. मी मुलीला विचारलं तर तिनं सरळ सांगितलं, टकलाचा नको. मग क्लिनिकच्या कॉरिडॉरमध्ये सलाइनचा स्टँड ढकलत धावतानाचा पाठमोरा फोटो तिनंच निवडला. आजाराबद्दल काय लिहायचं तेही तिला वाचून दाखवलं. दोन वाक्यं तिनं काढायला लावली. मूल फार लहान असेल तर नाव गाळा, चेहरा गाळा, "आमची मुलगी" एवढं पुरे.

मागायचं कसं

आता मुख्य भाग. गणपतीची वर्गणी मागताना आपल्याला कधी लाज वाटत नाही. पावतीपुस्तक घेऊन चाळीतल्या प्रत्येक दाराची कडी वाजवलेली पिढी आहे आपली. पण इथे येऊन स्वतःच्या मुलाच्या आजाराशी जोडलेल्या कामाला पैसे मागायचे म्हटलं की घशात अडकतं. "लोकांना वाटेल आपल्यालाच गरज आहे." माझ्या आईनं सांगलीहून फोनवर हेच म्हटलं होतं: "अगं, आपलं बरं चाललंय ना, मग हात कशाला पसरायचे?" तिला समजावताना मलाच मुद्दा स्पष्ट झाला: माझ्या मुलीला जी औषधं मिळाली ती कुणाच्या तरी वर्गणीतूनच शोधली गेली होती.

आणि इथे आपल्याकडे सांगण्यासारखी एक गोष्ट आहे जी इतर स्वारांकडे नाही. बॉस्टनमध्येच डॉक्टर सिडनी फार्बर यांनी १९४७ च्या अखेरीपासून ल्युकेमिया झालेल्या मुलांना अमिनोप्टेरिन नावाचं औषध द्यायला सुरुवात केली. जून १९४८ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले: १६ मुलांपैकी १० जणांचा आजार काही काळ तरी हटला होता. तोवर या आजारात मुलं आठवड्यांत, महिन्यांत जात. ते अमिनोप्टेरिन आलं होतं लेडर्ली कंपनीच्या प्रयोगशाळेतून, आणि तिथल्या संशोधनाचे प्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव, आंध्रातल्या भीमावरमचे. त्याच घराण्यातलं मेथोट्रेक्सेट आजही ए.एल.एल.च्या मुलांना देतात. आमच्या फ्रिजवरच्या गोळ्यांच्या वेळापत्रकात दर आठवड्याला ते असायचं. आणखी गंमत म्हणजे याच सुब्बारावांनी त्याआधी हार्वर्डमध्ये फिस्के यांच्याबरोबर काम करताना १९२९ साली स्नायूंमधल्या ए.टी.पी.चा, म्हणजे पेशींना ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचा शोध मांडला होता. म्हणजे चढावर मांडी ज्यावर चालते ते, आणि मुलीला ज्यानं वाचवलं ते, दोन्हींच्या मुळाशी तोच माणूस. माझ्या पत्रातला हा परिच्छेद वाचून एका तेलुगू सहकाऱ्यानं आधी ठरवलेली रक्कम दुप्पट केली. आज मुलांच्या ए.एल.एल.मध्ये पाच वर्षांनंतर सुमारे ९० टक्के मुलं हयात असतात. मग उरलेल्या दहांसाठी काय, हा प्रश्न पत्रात नक्की विचारा. देणगी त्यासाठी आहे.

यादीचं सांगते. चार गट करा: ऑफिस, मुलांच्या शाळेचे पालक, मराठी मंडळ आणि मित्र, आणि भारतातले नातेवाईक. चौघांना एकच मजकूर पाठवलात तर चौघेही वाचणार नाहीत.

ऑफिसवाल्यांना छोटा ईमेल आणि पहिल्या दोन ओळींतच लिंक. या भागातल्या बऱ्याच कंपन्या कर्मचाऱ्याच्या देणगीइतकीच भर घालतात, त्याला मॅचिंग म्हणतात. देणाऱ्याला विचारायला विसरू नका: "तुमची कंपनी मॅच करते का?" पण ती रक्कम यायला महिने लागतात, फॉर्म राहून जातात, म्हणून किमान रकमेच्या हिशेबात मॅचिंगवर विसंबू नका. आली की वरकड समजा.

मंडळात माईकवरून सर्वांना आवाहन करून फारसं काही होत नाही. टाळ्या होतात. पाडव्याच्या कार्यक्रमात मी आधी एकदा सांगून टाकते, आणि मग आठवडाभरात एकेकाला वेगळा निरोप पाठवते. निरोपात रक्कम असलीच पाहिजे. "जमेल तेवढं द्या" म्हटलं की माणूस अवघडतो, कमी दिलं तर बरं दिसेल का म्हणून पुढे ढकलतो आणि मग विसरतो. माझा निरोप असा असतो:

"ताई, ऑगस्टच्या पहिल्या शनिवार-रविवारी मी स्टर्ब्रिज ते प्रॉव्हिन्सटाउन सायकल चालवणार आहे. लेकीवर उपचार झाले त्या डॅना-फार्बरच्या संशोधनासाठी. मैलाला एक डॉलर धरला तर १८६ होतात. अर्ध्या वाटेचे दिलेत, तरी पुढची अर्धी मी दुसऱ्या कुणाकडून मागीन. लिंक खाली आहे. पुढच्या रविवारी एकदा आठवण करीन, राग मानू नका."

आठवण खरंच करायची. एकदाच. दुसऱ्यांदा नाही, कारण नंतर हळदीकुंकवाला समोरासमोर यायचं असतं.

पैसे स्वतःच्या खात्यात घेऊ नका, झेल-व्हेन्मोसारख्या पैसे पाठवायच्या अॅपवरही नको, "तूच भर गं माझ्या वतीनं" तर मुळीच नको. देणाऱ्यानं राईडच्या साइटवरच्या तुमच्या पानावरून थेट दिले की पावती त्याच्या नावानं त्याच्या ईमेलवर जाते, मॅचिंगला तीच लागते, आणि उद्या कुणी कुजबुजलं तर तुमच्याकडे बोट दाखवायला जागा राहत नाही. चेक देणारे आजी-आजोबा असतील तर चेक संस्थेच्या नावानं, त्यावर तुमचा स्वार-क्रमांक.

भारतातल्या नातेवाइकांकडे मी या राईडसाठी पैसे मागत नाही. माझा मामा डॉलरच्या भावानं गुणाकार करत बसतो आणि मला ते बघवत नाही. त्यांना मी सांगते, परळच्या टाटा मेमोरिअलला द्या. १९४१ पासून ते रुग्णालय उभं आहे, खारघरला त्यांचं संशोधन केंद्र आहे, गावोगावची मुलं तिथे येतात, आणि तिथली पावती तुमच्या कामाची असते. माझ्या पानावरचा आकडा त्यानं वाढत नाही. न वाढो.

सायकल आणि पाय

सायकल मापाची हवी, महाग नसली तरी चालेल. जुनी अॅल्युमिनियमची रोड बाइक घ्या आणि उरलेले पैसे दुकानात जाऊन फिटिंगवर घाला: सीटची उंची, हँडलचं अंतर, बुटांच्या क्लिपा. लांबच्या अंतरात गुडघा आणि मान दुखते ती बहुतेकदा मापामुळे. पॅडवाल्या शॉर्ट्स दोन जोड चांगल्या घ्या. त्यांच्या आत दुसरं काहीही घालायचं नसतं, हे दुकानदार सांगत नाही, म्हणून मी सांगते. मांड्यांना लावायचं क्रीमही तिथेच मिळतं. सासूबाई आल्या असतील तर वरून सैल कुडता घालून गॅरेजपर्यंत जा.

हिवाळ्यात तळघरात सायकल स्टँडला लावून आठवड्यातून तीनदा पाऊण तास. कंटाळवाणं असतं, मी त्या वेळात आवाहनाचे निरोप तोंडी सांगून फोनवर उतरवून घेते. एप्रिलमध्ये बर्फ आणि रस्त्यावरची वाळू गेली की बाहेर. मिलफर्ड-हॉलिस्टनकडची अपर चार्ल्स ट्रेल किंवा बॉस्टनजवळच्यांना मिनिटमन बाइकवे सुरुवातीला छान, गाड्या नाहीत, सपाट. पण मेपासून ट्रेल सोडा. राईड रस्त्यावर आहे आणि स्टर्ब्रिजनंतरचा पहिला टप्पा सारखा खालीवर होतो. शेरबॉर्न-डोव्हरकडचे रस्ते सरावाला उत्तम, दर शनिवारी सकाळी तिथे सायकलींचे थवे दिसतात.

लांबची राईड आठवड्यातून एकच, आणि दर वेळी थोडी वाढवा. २० मैलांवरून ३०, मग ४०, आणि दर चौथ्या आठवड्याला मुद्दाम कमी. जुलैच्या मध्यापर्यंत ७०-८० मैल एका दमात झाले की पहिल्या दिवसाचे ११० होतात, शेवटचं अंतर गर्दी आणि उत्साह ओढून नेतो. त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे शनिवारी लांब आणि रविवारी पुन्हा मध्यम अशी जोडराईड दोन-तीनदा तरी करा. दुसऱ्या दिवशी सकाळी सीटवर बसताना काय वाटतं ते आधी माहीत असलेलं बरं.

खाणं तासातासाला, भूक लागायची वाट न बघता. बाजारच्या जेलनं माझं पोट बिघडतं. मी राजगिऱ्याची चिक्की आणि बी काढलेला खजूर खिशात ठेवते, आणि एका बाटलीत लिंबू-मीठ-साखरेचं पाणी, दुसरीत साधं. ऑगस्टमध्ये दमट उकाडा असतो, नुसतं पाणी पीत राहिलात आणि मीठ पोटात गेलं नाही तर डोकं दुखतं, पोटऱ्यांत गोळे येतात.

एकटीनं सराव करून एक गोष्ट कळत नाही, ती म्हणजे घोळक्यात चालवणं. महिनाभर आधी एखाद्या गटाबरोबर जा. अचानक ब्रेक दाबायचा नाही, रेघ सोडायची नाही, खड्डा दिसला की हातानं दाखवायचा, मागून पुढे जाताना "ऑन युअर लेफ्ट" मोठ्यानं ओरडायचं. आपल्या बायकांचा आवाज इथे निघत नाही, तो काढा. रेल्वेचे रूळ काटकोनात ओलांडा. कानात इअरफोन चालत नाहीत, हेल्मेटशिवाय तर सोडतच नाहीत. टायरमधली ट्यूब बदलायला घरी शिका. वाटेत मेकॅनिक असतात, पण तो येईपर्यंत उन्हात उभं राहणं शहाणपणाचं नाही.

ते दोन दिवस

शुक्रवारी संध्याकाळी स्टर्ब्रिजला पोचून नोंद, बॅगेला चिठ्ठी, लवकर जेवण. बॅग स्वयंसेवक ट्रकनं पुढे नेतात. पहाटे उजाडायच्या सुमारास निघायचं. पहिल्या तासात सगळे वेडे झाल्यासारखे पळतात, तुम्ही पळू नका. पाण्याचे थांबे दर वीसेक मैलांवर आहेत, प्रत्येक थांब्यावर उतरा, पण दहा मिनिटांच्या वर बसू नका, पाय आखडतात.

आईबापांनी एका थांब्यासाठी मनाची तयारी ठेवावी. पेडल पार्टनर म्हणून जिमी फंड क्लिनिकमधली मुलं स्वारांच्या गटांशी जोडलेली असतात आणि शनिवारी लेकव्हिलला त्यांचे मोठे फोटो लावलेले असतात. मुलं स्वतःही येतात. त्यात तुम्हाला वेटिंग रूममधले चेहरे दिसतील. काही फोटो पूर्वी होते आणि आता नाहीत, त्याची कारणं वेगवेगळी असतात, आणि त्यातलं एक तुम्हाला ठाऊक असतं. तिथे घाई करू नका. हा एकच थांबा, जिथे दहा मिनिटांचा नियम मी मोडते. तुमचं मूल पेडल पार्टनर व्हावं असं वाटत असेल तर क्लिनिकमध्ये विचारा, पण आधी मुलाला.

रात्री बॉर्नला मॅसॅच्युसेट्स मॅरिटाइम अकॅडमीत मुक्काम, डॉर्ममध्ये नाहीतर तंबूत. कानात घालायचे बोळे न्या, दमलेली माणसं घोरतात. रविवारी अंधारातच निघून बॉर्न पुलावरून कालवा ओलांडायचा. मग हायवेच्या कडेच्या सर्व्हिस रोडचे चढउतार लागतात, छोटेच पण एकामागून एक. गियर आधीच हलका करा. शेवटी ट्रुरोपुढे समोरून समुद्राचा वारा येतो. तिथे कुणाच्या तरी मागे लागून चालवा. प्रॉव्हिन्सटाउनहून बोटीनं बॉस्टनला परतता येतं, पण तिकीट आधी काढून ठेवावं लागतं. कुटुंबाला शेवटच्या रेषेवर बोलवायचं असेल तर केप कॉडवरची रविवारची कोंडी धरून त्यांना पहाटे निघायला सांगा. आमची मंडळी हायअॅनिसला थांबतात आणि मला घरी आल्यावरच भेटतात, तेही चालतं.

राईड संपली तरी मागणं संपत नाही. देणग्या त्यानंतरही काही आठवडे घेतात, आणि नेमका तेव्हाच गणेशोत्सव येतो. "केली बाई मी" असं सांगून फोटो दाखवला की उन्हाळाभर टाळलेले लोक तिथेच फोन काढतात. मॅचिंगचे फॉर्म भरले का, हे एकेकाला विचारायची हीच वेळ. आभाराचा निरोप प्रत्येकाला वेगळा, आणि त्यात त्यांची रक्कम नको, तुमचा एखादा मैल हवा: "तुमचे पैसे आले तेव्हा मी डोव्हरच्या चढावर होते." मुलांना हुरूप आला असेल तर त्यांच्यासाठी गावोगावी पीएमसी (पॅन-मास चॅलेंज) किड्स राईड होतात, तीनचाकीवाल्यांपासून. आणि देणगीदारांची यादी पुसू नका. नाव, रक्कम, कंपनी मॅच करते की नाही, निरोप कधी पाठवला, असे चार रकाने करून ठेवा. पुढच्या जानेवारीत तीच लागते.